अर्धा लिटर, संघप्रियाच्या नावावर

जे लिहितेय ते घडलेलं आहे. माझ्या पाठच्या बहिणीच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातलं शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. हसायचं त्यांनी हसावं. आधी मीही हसलेच होते.

गेल्या जानेवारीतली पहाट. कोल्हापूर, कदमवाडी. धुकं इतकं की समोरच्या घराचा दिवाही दिसेना.

माझी बहीण संघप्रिया उशाशी मोबाईल घेऊन जागी होती.

रोज त्या वेळी तिला एक फोन यायचा.

त्या पहाटे तो आला नाही...

आणि ती अंथरुणात उठून बसली. फोनवर जो बोलायचा, तो तिचा नवरा सम्राट, त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

थांबा. मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाईचं डोकं फिरलंय.

संघप्रिया एका दूध संघात कॉम्प्युटरवर आहे. संघाचं नाव लिहीत नाही, तिची नोकरी अजून चालू आहे. सम्राट तिथंच सुपरवायझर होता. ही पंख्याखाली बसायची, तो मोटरसायकलवर गावोगावच्या डेअऱ्या पालथ्या घालायचा. गंमत अशी, की सगळं आयुष्य दुधात गेलं, पण म्हशीला हा माणूस जाम भ्यायचा. धार काढायला बसवलाच, तर घामाघूम होऊन अर्धा लिटर काढायचा. तोही म्हशीला दया आली म्हणून. आमच्या माहेरी तो आला की माझा भाऊ ओरडायचा, "दाजी आलं, म्हशी लपवा!"

पण माणसं कळायची त्याला.

"आक्का," तो मला म्हणायचा, "लोकं लग्नाला जायचं चुकवत्यात, दवाखाना चुकवत्यात, पण दूध घालायचं चुकवत न्हाईत. दूध आलं न्हाई म्हंजे घरात कायतरी झालंय."

आणि बायकोला म्हणायचा, "तुझ्या त्या डबड्याला एवढं शिकीव की."

तिनं शिकवलं.

मला त्यातलं कळतं तेवढंच सांगते. ठरल्या वेळी मशीन स्वतःहून उठून एक काम करतं, त्याला ही मंडळी बॅच जॉब म्हणतात. हिचा जॉब रोज पहाटे, डेअऱ्या उघडायच्या आधी उठायचा. काल कुणाचं दूध आलं नाही ते बघायचा. मग त्यातून कामांची साखळी सुटायची. आधी त्या घरात फोन. फोन उचलला नाही, तर गावातल्या डेअरीच्या सेक्रेटरीला निरोप. त्याच्याकडूनही काही कळलं नाही, तर त्या भागातल्या सुपरवायझरच्या मोबाईलवर हुकूम, जाऊन बघून या. कुणी बटण दाबायला नको, कुणाच्या लक्षात राहायला नको.

फोनवर बोलायला आवाज हवा होता. सम्राटचाच घेतला. कदमवाडीच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला, मागं कुकरची शिट्टी वाजतेय ती तशीच राहिली.

"नमस्कार, सम्राट बोलतोय, दूध संघातनं. काल दूध आलं न्हाई. घरात सगळी बरी हायत न्हवं?"

मग तो थांबायचा. बराच वेळ. आणि मग, "बरं बरं. काय लागलं तर सांगा."

"मधी एवढा का थांबलास?" संघप्रियानं विचारलं होतं. "मशीन हाय ते. त्याला ऐकाय येत न्हाई."

"मशीनला न्हाई येत. माणूस तर बोलंल की! त्येला बोलाय जागा नको?"

असा होता.

मग तो हिवाळा आला. एका पहाटे जॉब उठला. शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या पुढं डोंगरात एक गाव आहे, तिथल्या हुसेनबी नावाच्या म्हातारीचं दूध आलं नव्हतं. फोन वाजला, कुणी उचलला नाही. सेक्रेटरीचा फोन बंद होता. साखळी पुढं सरकली, आणि सम्राटच्या मोबाईलवर हुकूम पडला.

"एवढ्या धुक्यात? जरा उजाडू दे की," संघप्रिया म्हणाली.

"म्हातारी एकलीच असत्या गं."

त्यानं हेल्मेट घातलं. स्टीलची किटली हँडलला अडकवली. डोंगराकडं गेला की तो येताना तिथलं दूध घरी आणायचा. किटली त्यांच्या लग्नातली, बुडाशी दोघांची नावं घातलेली.

गावाच्या अलीकडच्या वळणावर, धुक्यात, तो गेला.

मोटरसायकल सापडली. हेल्मेट सापडलं.

किटली सापडली नाही.

लोक भेटायला आले, रडले, गेले. संघप्रिया रडली नाही. माझ्याजवळ बसून एकच वाक्य बोलायची.

"आक्का, कुणी पाठवला न्हाई त्येला. माझ्या जॉबनं पाठवला. मी लावलेल्या."



पुढं काही दिवस एक विचित्र प्रकार झाला. जॉब कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. पहाटे उठायचा, आणि गावोगावी सम्राटचा आवाज बोलायचा. घरात सगळी बरी हायत न्हवं? ज्या बायकांनी त्याला चहा पाजला होता त्या फोन हातात धरून रडायला लागल्या. शेवटी साहेबांनी दुसरा आवाज आणला. कुणीतरी पुण्याची मुलगी, 'प्रिय सभासद' म्हणणारी. जुना आवाज काढून टाकायचं काम संघप्रियाकडंच आलं.

तिनं तो सगळीकडून काढला.

एक जागा सोडून.

सिस्टीम तपासायला एखादा खोटा सभासद ठेवायची त्यांच्यात सोय असते. तिनं स्वतःच्या नावानं तसा एक केला. सभासदाला गाव लागतं. तिनं तेच गाव दिलं, जिथं तो पोचला नव्हता. फोन नंबर स्वतःचा. आवाज सम्राटचा. फोननंतरची साखळी तोडून टाकली, आणखी कुणाला धुक्यात पाठवायला नको.

म्हैस नाही, रेडकू नाही. दूध कुठून येणार?

म्हणून रोज पहाटे मशीन बघायचं, संघप्रियाचं दूध आलेलं नाही. आणि तिला फोन लावायचं.

मला हे कळलं तेव्हा मी हसले, म्हटलं ना. "अगं, तो होता तवा एवढी बोलत न्हवतीस!" ती पण हसली. त्या वर्षातलं पहिलंच हसू.

त्यानं सोडलेल्या जागेत ती बोलायची. आज गॅस संपला. आपल्या पोरी भांडल्या. तुझा निळा शर्ट कुणाला दिला नाही. मग तो म्हणायचा, बरं बरं.

बरेच महिने असं चाललं.

मग थंडी पुन्हा पडली...

आणि एका पहाटे फोनमधली कुकरची शिट्टी गेली.

आवाज तोच. शब्द तेच. फक्त मागं शिट्टी नाही.

तिनं ऑफिसात जाऊन ती फाईल ऐकली. शिट्टी जागेवर होती.

दुसऱ्या पहाटे फोनमध्ये पुन्हा नव्हती. त्याऐवजी काहीतरी टपकत होतं... पानावरून दव पत्र्यावर पडावं तसं. आणि मध्येच साखळी वाजल्यासारखं. गोठ्यात जनावर मान हलवतं तेव्हा वाजते तशी.

तिला भीती वाटली का? मी विचारलं. म्हणाली, "न्हाई आक्का. मला वाटलं, आता त्यो घरात न्हाई. भाईर हाय."

त्यानंतरच्या पहाटे तो म्हणाला, "घरात सगळी बरी हायत न्हवं?" आणि थांबला.

आणि ती जे वर्षभर बोलली नव्हती ते बोलली.

"मी बरी न्हाई. मीच तुला पाठीवलं. मला माफ कर."

ती रडत राहिली. रेकॉर्डिंगमधली जागा केव्हाच संपायला हवी होती.

पलीकडं कुणीतरी थांबून होतं...

तिचं रडणं पूर्ण होईपर्यंत थांबून होतं. मग अगदी हळू, "बरं बरं."

पुढचं 'काय लागलं तर सांगा' आलंच नाही. फोन बंद झाला.

मग दुसऱ्या दिवशी फोन आला. त्यात टपकणंही नव्हतं, साखळीही नव्हती, नुसते ते शब्द. आणि त्याच्या पुढची ती सुरुवातीला सांगितलेली पहाट. मोबाईल हातात. वाट बघणं.

फोन आला नाही.

तिला वाटलं जॉब बंद पडला. तशीच ऑफिसात गेली. जॉब ठरल्या वेळी उठला होता, पुण्याच्या मुलीनं सगळीकडं 'प्रिय सभासद' केलं होतं. फक्त संघप्रियाचा नंबर वगळला होता.

कारण आदल्या सकाळी तिच्या नावावर दूध आलं होतं.

अर्धा लिटर.

पुढच्या पहाटेही फोन नाही. पुन्हा दूध. अर्धा लिटर. त्याच्या पुढच्याही.

तिनं त्या गावच्या डेअरीच्या सेक्रेटरीला, जोतीरामला, फोन लावला. भयंकर चिडून.

"जोतीराम, माझ्या सभासद नंबरवर कोण दूध घालतंय तिथं?"

"तुमचाच माणूस की वैनी!"

"माझा कुठला माणूस?"

"आता मला काय ठावं! मोटरसायकलवाला. डोक्याला हेल्मेट, तोंडाला मफलर. थंडीत निम्मा गाव तसाच येतोय. नंबर सांगितला, मी मारला, मशीनवर तुमचं नाव आलं. मला वाटलं सम्राटसायबांचा भाऊ असंल."

"का वाटलं?"

जोतीरामनं आवाज खाली आणला...

"चालणं तेच हाय वैनी."

सम्राटला भाऊ नाही. आणि तो नंबर संघप्रियाशिवाय कुणाला माहीत नव्हता.

ती त्या गावाला कधीच गेली नव्हती. सम्राट गेल्यापासून त्या गावाचं नाव ऐकलं तरी तोंड फिरवायची. त्या दिवशी मात्र दुपारची एसटी धरली. दिवस मावळायला पोचली, आणि जोतीरामनं तिला नेमकं हुसेनबीच्या दारात नेऊन उभं केलं. दुसरीकडं बाई माणसाची सोय नव्हती म्हणाला.

जिच्यासाठी नवरा गेला, तीच म्हातारी समोर.

संघप्रिया उंबऱ्यावरच थांबली. "त्या दिवशी फोन का न्हाई उचललासा तुम्ही?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न हाच.

"आदल्या सांजंच्या धारंला गोठ्यात पडले होते बेटी. मांडीचं हाड मोडलं. रात्रभर म्हशीच्या पायापाशी होते. फोन घरात वाजत होता, ऐकत होते की." म्हातारीनं तिचा हात धरून आत घेतलं. "तुझा मालक आला म्हणून वाचले."

संघप्रियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"कोण आलं?"

"सम्राट. धुक्यातनं आला. हेल्मेट काढलं न्हाई. मला पाणी पाजलं. इचारलं, घरात सगळी बरी हायत न्हवं? मी म्हटलं, लेकरा, म्हशीची कास तटतटलीया, आधी तिची धार काढ. बसला बिचारा. भीत भीत." हुसेनबी हसली. "लई वंगाळ काढतोय धार. मग शेजाऱ्यास्नी हाक मारून गेला."

"चाची, त्यो आलाच न्हाई." संघप्रियानं हात सोडवून घेतला. "गावाच्या अलीकडच्या वळणावरच..."

"मला सांगिटलं लोकांनी," हुसेनबी म्हणाली. "दवाखान्यात सांगिटलं. मी कुणाशी वाद घातला न्हाई. पर पाणी मी प्यालेय बेटी."

शेजाऱ्यांना कुणाची हाक ऐकू आली, ते शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही.

पहाटे हुसेनबीनं तिला उठवलं. कंदील नाही, मोबाईलचा उजेड. गोठ्यात म्हैस शांत रवंथ करत होती. पत्र्यावर दव टपकत होतं. म्हशीनं मान हलवली, साखळी वाजली.

संघप्रियानं ते दोन्ही आवाज ओळखले.

"ह्ये बघ." म्हातारीनं म्हशीच्या कासेवर उजेड धरला. "चार दिस झालं, रोज असंच. मी यायच्या आधीच सड वले असत्यात. अर्धा लिटर कमी देतीया. मला वाटायचं रेडकू पितंय. पर रेडकू तर बांधल्यालं हाय..."

रेडकू कोपऱ्यात दाव्याला बांधलेलं होतं. शांत झोपलं होतं.

दोघी डेअरीवर गेल्या. धुक्यात किटल्या घेऊन माणसांची रांग. "ओ पावणं, म्हागं व्हा की, मधीच घुसताय!" "आरं गप, सम्राटसायबांची मंडळी हाय ती." लोक बाजूला सरकले. तिला वाट करून दिली.

ती काट्याशेजारी उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत. मफलर बांधलेले बरेच आले. बरेच गेले. कुणीच तो नव्हता.

रांग संपली, हुसेनबीही दूध घालून घरी गेली. जोतीराम म्हणाला, "आज न्हाई आला वाटतं. चला, च्या घ्या." आणि हात धुवायला मागं वळला. संघप्रियाही त्याच्या मागं निघाली.

तेवढ्यात काटा वाजला...

दोघंही वळली.

मशीनवर तिचं नाव. अर्धा लिटर.

काट्यासमोर कुणी नव्हतं. दारात धुकं होतं, आणि काट्यावर एक स्टीलची किटली.

जोतीरामनं भिंतीला पाठ लावली. संघप्रिया पुढं गेली. किटलीला हात लावला, गरम होती. धारेचा फेस अजून बसला नव्हता. तिनं ती उचलली आणि बूड वर करून बघितलं. थोडं दूध तिच्या साडीवर सांडलं.

सम्राट - संघप्रिया.

आणि लग्नाची तारीख.

ती दाराबाहेर धावली. "सम्राट!" म्हणून ओरडली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज नाही, पाऊल नाही, काही नाही. धुकं नुसतं उभं होतं.

ती परत आली ती सरळ माझ्या घरी. किटली मांडीवर धरून एसटीत बसली होती. दूध नासलं नव्हतं. त्याचा तिनं चहा केला, दोन कप. दुसरा माझा समजून मी हात पुढं केला, तर तिनं तो हळूच बाजूला सरकवला.  त्याच्यावर साय धरली.

मग ती म्हणाली, "माझं दूध आलं की मशीनला वाटतंय, ही बरी हाय. मग फोन जात न्हाई."

"म्हणजे त्याला तुला फोन करायचा न्हाई?"

"मी रोज पहाटे त्याची वाट बघत बसू नये, असं वाटतंय त्येला." तिनं पदरानं नाक पुसलं. "आक्का, त्येला म्हशीची भीती वाटती. आणि धुक्यात रोज उठून त्यो धार काढाय बसतोय. माझ्यासाठी."

आणि तेव्हा, वर्षानंतर, ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली, मांडीवर डोकं ठेवून.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात जाऊन तो सभासद बंद केला. जॉबमधून नंबर काढला. आणि आवाजाची ती शेवटची फाईल, कुकरच्या शिट्टीसकट, पुसून टाकली. दुसरी प्रत कुठंच नव्हती. मी म्हटलं, निदान एक तर ठेवायचीस. म्हणाली, "ठेवली असती तर मी परत लावली असती."

हुसेनबीची म्हैस त्या दिवसापासून पूर्ण दूध द्यायला लागली. जोतीरामनं मुद्दाम फोन करून सांगितलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

माझ्याकडं म्हैस नाही. मी कुठल्या संघाची सभासद नाही. माझा नंबर त्यांच्या कुठल्याच मशीनमध्ये नाही, संघप्रियानं तिथं बसून नीट बघितलंय. मी तिला कारण सांगितलं नाही. उगाच विचारतेय म्हटलं.

सभासद बंद केल्यानंतरच्या पहाटे माझा मोबाईल वाजला.

मागं दव टपकत होतं...

"जय भीम आक्का. सम्राट बोलतोय. संघप्रिया बरी हाय न्हवं?"

आणि तो थांबला. मला बोलायला जागा ठेवून.

मी फोन ठेवून देणार होते. पण मोठी बहीण आहे मी. तोंडातून निघालं, "बरी हाय."

"बरं बरं."

ती बरी नाही. जेवत नाही, झोपत नाही. पहाटे उठून मुक्या मोबाईलकडं बघत बसते. आवाज पुसला त्याच हातांनी किटली रोज घासते. पोरी मला फोन करून सांगतात, मावशी, आई कपाटातला निळा शर्ट काढून बसलीय.

त्याचा फोन रोज येत नाही. धुकं पडलं की येतो. प्रश्न तोच, आणि प्रत्येक वेळी मी खोटं बोलते. कारण खरं सांगितलं तर तो काय करेल, ते मला माहीत आहे. घरात कुणी बरं नाही असं कळल्यावर तो जाऊन बघितल्याशिवाय कधी थांबलाय?

आज पहाटेही विचारलं त्यानं. या खेपेला जरा जास्तच थांबला. माझ्या आवाजात त्याला काही वेगळं लागलं की काय, कोण जाणे.

"बरी हाय," मी म्हटलं.

बराच वेळ नुसतं टपकत राहिलं...

आज त्यानं 'बरं बरं' म्हटलं नाही.

मी खिडकीतून बघतेय. धुकं अजून उतरलेलं नाही. आणि संघप्रिया फोन उचलत नाहीये.